पिस्तुलाची गोळी, रायफलची नळी: लिव्हर-ॲक्शनने जवळून शिकार कशी होते, सोप्या भाषेत

एकच काडतूस कमरेच्या रिव्हॉल्व्हरमध्येही बसतं आणि खांद्याला लावायच्या रायफलमध्येही, हे पहिल्यांदा ऐकलं की बरेच जण गोंधळतात, कारण आपल्या डोक्यात पिस्तुलाची गोळी म्हणजे आखूड, बुटकी, दहा पावलांवरच्या भानगडीसाठी, आणि रायफलची गोळी म्हणजे ती लांबुळकी टोकदार, लांबवर जाणारी. मग अमेरिकेत लोक .३५७ मॅग्नम नाहीतर .४४ मॅग्नमची (ही मुळात रिव्हॉल्व्हरच्या जोरदार काडतुसांची नावं) रायफल घेऊन हरणाच्या, रानडुकराच्या, अगदी काळ्या अस्वलाच्या मागे जातात म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, एवढ्याशा गोळीने एवढं जनावर पडतं का? पडतं. पण गंमत अशी आहे की जवळून मारताना जेव्हा घोटाळा होतो तेव्हा बऱ्याचदा तो गोळी कमजोर असते म्हणून होत नाही, उलट ती जरा जास्तच जोरात जाते म्हणून होतो. ते कसं ते सांगतो, पण त्याआधी ही बंदूक आली कुठून ते थोडक्यात.

१८७३ साली विंचेस्टर कंपनीने .४४-४० काडतुसाची लिव्हर-ॲक्शन रायफल काढली, म्हणजे दस्त्याखालचं कडं पुढे ढकलून परत ओढलं की पुढचं काडतूस भरलं जातं अशी. साधारण २०० ग्रेनची गोळी, मागे ४० ग्रेन काळी दारू. (ग्रेन म्हणजे वजनाचं माप, साडेपंधरा ग्रेनचा एक ग्रॅम होतो, म्हणजे ही गोळी १३ ग्रॅमची.) पाच वर्षांनी कोल्ट कंपनीने आपलं रिव्हॉल्व्हरही त्याच काडतुसात द्यायला सुरुवात केली, आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडे घोड्यावर फिरणाऱ्या माणसाची मोठी सोय झाली, एकच पट्टा, एकच काडतूस, दोन्ही हत्यारांना चालतं. ते १८७३ मॉडेल सात लाखांच्या वर विकलं गेलं. पण तेव्हाही कोणी त्याने गवे (तिकडचे बायसन) मारत नव्हतं बरं का, गव्यांच्या मागे जाणारे व्यावसायिक शिकारी शार्प्ससारख्या दणकट एकबारी रायफली वापरायचे. .४४-४० ही झाडीतल्या हरणाची आणि घराच्या राखणीची बंदूक होती.

१८७३ मॉडेलच्या आतला बिजागरीसारखा सांधा फार जोर सहन करणारा नव्हता. तो प्रश्न युटाहमधल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राऊनिंग या माणसाने सोडवला, त्याच्या १८९२ मॉडेलमध्ये बोल्टच्या (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या पोलादी तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना उभ्या पोलादी पट्ट्या वर येऊन कुलूप लावतात, आणि ते डिझाइन इतकं मजबूत निघालं की आजच्या मॅग्नम काडतुसांनाही पुरतं. पुढे १८९५ मध्ये बिनधुराच्या दारूचं .३०-३० आलं आणि हरणाचा शिकारी तिकडे वळला, पिस्तुलाच्या काडतुसाच्या रायफली मागे पडल्या. मग १९३५ मध्ये .३५७ मॅग्नम आणि १९५५ मध्ये .४४ मॅग्नम आलं, मार्लिन कंपनीने १९६९ मध्ये आपलं जुनं १८९४ मॉडेल .४४ मॅग्नममध्ये परत काढलं, आणि गाडी पुन्हा रुळावर आली. आज काउबॉयची ही बंदूक ब्राझीलमध्ये रॉसी बनवते, इटलीत उबेर्ती बनवते, आणि विंचेस्टरचं नाव असलेली तर जपानमध्ये मिरोकूच्या कारखान्यात तयार होते. अमेरिकेत हेन्री आहे, आणि मार्लिन आहे जी २०२० मध्ये रुगरने विकत घेतली.

आता मुद्द्याचं. आखूड नळीतून गोळी सुटते तेव्हा दारू जळून झालेल्या गॅसला तिला ढकलायला जेमतेम चार-सहा इंच मिळतात, शिवाय रिव्हॉल्व्हरमध्ये फिरणारं चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते तिथूनही गॅस निसटतो. तीच गोळी १८-२० इंची नळीत घातली की ढकलायला चौपट अंतर मिळतं. लहान मुलाच्या सायकलला मागून चार पावलं ढकलून सोडणं आणि वीस पावलं पळत ढकलून मग सोडणं, एवढाच फरक. आकडे बघा, कारखान्यांच्या छापील तक्त्यांतले: .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला १,२३५ फुटांनी निघते आणि तिच्यात ५३५ फूट-पाऊंड ऊर्जा असते, रायफलमधून तीच १,८३० फुटांनी निघते आणि ऊर्जा १,१७५. दुपटीपेक्षा जास्त. .४४ मॅग्नमची २४० ग्रेनची गोळी १,१८० वरून १,७६० वर जाते, ऊर्जा ७४१ वरून १,६५०. काडतूस तेच, डबा तोच, किंमत तीच. सगळ्याच काडतुसांना एवढा फायदा मिळत नाही हं, ज्यांची दारू भराभर जळून संपते, म्हणजे ९ एमएम किंवा .४५ एसीपी, त्यांना लांब नळीचा उपयोग बेताचाच होतो. मॅग्नमच्या दारूचा जळण्याचा वेग कमी, म्हणून त्यांना होतो.

पण हा मिळालेला वेग टिकत नाही. पिस्तुलाची गोळी आखूड, जाड आणि पुढून चपटी, हवा तिला लगेच अडवते. .४४ ची ती १,६५० फूट-पाऊंड ऊर्जा १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, १,०१५ उरते आणि २०० यार्डांवर ६६१. .३५७ ची तर १०० यार्डांवरच ७१५. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी नियम आहे की रायफलच्या गोळीत १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पाऊंड असायला हवेत, तर .४४ तिथे जेमतेम पंधराने पास होते आणि .३५७ सरळ नापास. ऊर्जेचा आकडा म्हणजे सगळं काही असं मी मानत नाही, पण काडतुसाची ऐपत कुठे संपते ते या आकड्यांत नीट दिसतं.

ऊर्जेपेक्षा मला मोठी अडचण वाटते ती गोळी खाली पडण्याची. .४४ ची रायफल १०० यार्डांवर बरोबर लावलेली असेल तर ५० यार्डांवर गोळी इंच-दीड इंच वर लागते, ते चालतं. १५० वर ती सहाएक इंच खाली जाते आणि २०० वर जवळजवळ दीड फूट. हरणाच्या छातीतला ज्या भागात गोळी लागायला हवी तो भाग साधारण आठ इंचांचा असतो. म्हणजे संध्याकाळच्या उजेडात १५० यार्डांचं अंतर तुम्ही १२० समजलात तर गोळी त्या भागाच्या खालच्या कडेला किंवा त्याच्याही खाली, आणि जनावर जखमी होऊन जंगलात. म्हणून १०० यार्ड, फार तर सव्वाशे, ही हद्द जुनीजाणती माणसं सांगतात आणि ती पाळावी. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दाट झाडीत तसंही ७०-८० यार्डांपलीकडे काही दिसत नाही, तिथे ही हद्द जाचतच नाही.

ओहायो, इंडियाना, मिशिगनचा दक्षिण भाग, या सपाट शेतीच्या आणि दाट वस्तीच्या इलाख्यांत वर्षानुवर्षं हरणासाठी रायफल चालतच नव्हती, फक्त शॉटगनमधून जाडजूड स्लग, म्हणजे छर्‍यांऐवजी एकच मोठी गोळी, मारायची मुभा होती, कारण लांब पल्ल्याची गोळी चुकली तर मक्याच्या शेतांवरून जाऊन कुठे कोणाच्या अंगणात पडेल सांगता येत नाही. मग इंडियानाने २००७ मध्ये आणि ओहायो, मिशिगनने २०१४ मध्ये सरळ भिंतीच्या पुंगळीची काडतुसं वापरायला परवानगी दिली, म्हणजे ज्यांची पुंगळी (दारू भरलेला धातूचा भाग) तोंडाशी बाटलीसारखी अरुंद होत नाही ती. .३५७, .४४, .४५ कोल्ट सगळी त्यात बसतात. मिशिगनच्या नियमात पुंगळीची लांबी किमान १.१६ इंच हवी, आणि .३८ स्पेशलची असते १.१५५, म्हणजे ती केसाच्या अंतराने बाहेर! हे .३८ स्पेशल .३५७ च्या रायफलमध्ये आरामात चालतं, स्वस्त पडतं, धक्का नाही, टार्गेटवर प्रॅक्टिस करायला उत्तम, पण हरणावर नाही. इलिनॉयने २०२३ पासून सूट दिली ती फक्त एकबारी रायफलला, त्यामुळे लिव्हर-ॲक्शनवाले तिथे बसले हात चोळत. एकेका राज्याचा नियम वेगळा आणि तो बदलत राहतो, सीझनआधी त्या वर्षीची पुस्तिका वाचायलाच लागते.

आता ते "जास्त जोर" प्रकरण. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली होलो-पॉइंट गोळी, म्हणजे टोकाला खड्डा असलेली, ही १,२००-१,३०० च्या वेगाला उघडून फुलावी अशा हिशोबाने तयार केलेली असते, आणि तीही बऱ्याचदा माणसाच्या जाडीचा विचार करून. रायफलमधून तीच १,८०० च्या वर निघाली आणि जनावर २५ यार्डांवर उभं असेल तर ती कातडीच्या आत शिरताशिरता फुटते, तुकडे होतात, फऱ्याचं हाड लागलं तर तिथेच कारभार संपतो. बाहेरून मोठी भयंकर जखम दिसते पण फुप्फुसापर्यंत काही पोचत नाही. .३५७ च्या १२५ ग्रेनच्या हलक्या गोळ्या यासाठी बदनाम आहेत, हरणासाठी त्या घेऊच नयेत. मग घ्यायचं काय, तर .३५७ मध्ये १५८ किंवा १८० ग्रेनची सॉफ्ट-पॉइंट, म्हणजे टोकाला मऊ शिसं उघडं असलेली, .४४ मध्ये २४० ग्रेनची जाड जॅकेटवाली, म्हणजे शिशावर तांब्याचं जाड आवरण असलेली, किंवा टणक शिशाची चपट्या तोंडाची ओतीव गोळी. ही शेवटची फुलत नाही, त्याची तिला गरजही नसते कारण ती मुळातच .४३ इंच जाडीची आहे, ती फक्त सरळ आरपार जाते.

आरपार जाणं इथे फार महत्त्वाचं. वेगवान रायफलची गोळी जाताना आजूबाजूचं मांसही जोरात ताणते, त्या धक्क्याने बरंच नुकसान होतं. या संथ, जड गोळ्यांचं तसं नाही, त्या ज्यातून जातात तेवढंच भोक पडतं, म्हणून भोक योग्य जागी हवं आणि शक्यतो दोन्ही बाजूंना हवं, आत जाताना एक आणि बाहेर पडताना एक. दोन भोकं म्हणजे फुप्फुसांतली हवा जाते आणि जमिनीवर रक्ताचा मागही पडतो. एक फायदा मांस खाणाऱ्यांना, जखमेभोवती रक्त साकळून वाया जाणारं मांस कमी असतं.

गोळीचं तोंड चपटं का, याचं कारण बंदुकीतच आहे. नळीच्या खाली अजून एक नळी असते, त्यात काडतुसं एकामागे एक आडवी झोपलेली, एकाचं टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडात असतो प्रायमर, ज्यावर ठोसा बसला की बार उडतो. टोकदार गोळी भरून धक्का बसला तर काय होईल सांगायला नको. म्हणून चपटं तोंड. हॉर्नडी कंपनीने मऊ रबरी टोकाच्या गोळ्या काढून यावर तोड शोधली, त्या थोड्या लांब टप्प्यालाही बऱ्या, पण ५० यार्डांच्या शिकारीत मला तरी त्याचा मोठा उपयोग दिसत नाही.

अजून एक छुपी भानगड म्हणजे नळीतल्या आट्यांचा पीळ. गोळी सरळ जावी म्हणून तिला फिरवतात, आणि गोळी जितकी लांब तितकी ती जास्त फिरवावी लागते. जुन्या मार्लिनच्या .४४ मध्ये पीळ ३८ इंचात एक फेरा इतका मंद होता, २४० ग्रेनला ठीक, पण कोणी अस्वलासाठी म्हणून ३०० ग्रेनची गोळी भरली की टार्गेटवर ती कुठेही जायची, आणि माणूस म्हणायचा बंदूक खराब आहे. २० इंचात एक फेरा असलेल्या नळीत तीच गोळी शहाण्यासारखी वागते. जुनी बंदूक विकत घेताना हे आधी विचारावं.

लिव्हर चालवायची कशी ते जरा जवळून बघू, कारण ऐनवेळी गडबड इथे होते. दस्त्याखालच्या कड्यात तीन बोटं घालायची आणि कडं खाली-पुढे ढकलायचं. बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, बोल्ट मागे जाता जाता घोडाही (ठोसा देऊन बार उडवणारा मागचा हातोडा, ट्रिगर नव्हे) चढवून ठेवतो, खालच्या नळीतलं पुढचं काडतूस स्प्रिंगच्या जोराने मागे येऊन कॅरिअर नावाच्या छोट्या पट्टीवर बसतं आणि ती पट्टी त्याला वर उचलते. कडं परत ओढलं की बोल्ट ते काडतूस नळीत ढकलून मागे कुलूप लावतो. यात नियम एकच, कडं पूर्ण शेवटपर्यंत ढकलायचं आणि पूर्ण परत आणायचं, दणकून. हरणाला आवाज जाऊ नये म्हणून लोक हळूच, अर्धवट ओढतात आणि काडतूस तिरकं अडकतं. पहिल्या बारानंतर तर आवाजाची काळजी करण्यात अर्थच नाही, तो बार तालुक्याला ऐकू गेलेला असतो, कडं लगेच आणि जोरात मारायचं, बंदूक खांद्यावरून न काढता. जुन्या मार्लिनमध्ये कॅरिअर झिजला की एकाऐवजी दोन काडतुसं बाहेर यायला बघतात आणि सगळं जाम होतं, हा त्यांचा नावाजलेला रोग आहे.

आणि घोडा. चढवलेला घोडा बार न काढता उतरवायचा तर अंगठ्याने धरून, ट्रिगर दाबून, हळूहळू खाली आणावा लागतो, आतमध्ये जिवंत काडतूस असताना. थंडीत हातमोजे घालून हे करताना अंगठा सटकला की झालंच. तोंड सुरक्षित दिशेला ठेवूनच करायचं.

नेम कुठे. हरीण आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेने वर यायचं, छातीच्या उंचीच्या खालून एक-तृतीयांशापर्यंत, तिथे दोन्ही फुप्फुसं आणि हृदयाचा वरचा भाग मिळतो. थोडं पाठमोरं, तिरकं उभं असेल तर अजून चांगलं, पलीकडच्या खांद्याकडे धरून मारायचं. समोरून तोंड करून असेल किंवा पूर्ण पाठमोरं असेल तर या बंदुकीने बार काढायचाच नाही, थांबायचं. रानडुकराचं गणित वेगळं आहे, त्याचं हृदय हरणापेक्षा खाली आणि पुढे असतं, आणि मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कूर्चेसारखी ढाल तयार झालेली असते, म्हणून हरणासारखं मागे धरलं तर गोळी पोटात जाते. टेक्साससारख्या राज्यांत ही मोकाट डुकरं शेताची वाट लावतात, तिथे झुडपातून निघून वीस-तीस यार्डांवर येणाऱ्या डुकरावर ही आखूड, पटकन खांद्याला लागणारी बंदूक खरी रंगते. काळ्या अस्वलाचं कठीण काम म्हणजे त्याची चरबी आणि दाट केस जखमेचं तोंड बुजवून टाकतात, रक्त बाहेर येतच नाही, म्हणून तिथे .४४ आणि आरपार जाणारी जड गोळीच, .३५७ मी तरी नको म्हणेन. अलास्कातलं मोठं तपकिरी अस्वल या लेखात येतच नाही, तिथले गाइड लिव्हर-ॲक्शन वापरतात पण .४५-७० ची, ते मुळात १८७३ चं लष्करी रायफलचं काडतूस आहे. एल्क किंवा मूसवर (तिकडच्या अवाढव्य हरणांवर) .४४ चालवणारे आहेत, चाळीस यार्डांवर चालतंही, पण पुरेशी दुसरी बंदूक घरात असताना हा हट्ट कशाला ते मला कळलेलं नाही.

बार लागला तरी जनावर जागच्या जागी पडेल असं धरून चालू नका. दोन्ही फुप्फुसांतून गोळी गेलेलं हरीणही ५०-१०० यार्ड पळतं, कधी शेपूट वर करून असं पळतं की वाटावं चुकलाच नेम. ते कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडापाशी शेवटचं दिसलं हे लक्षात ठेवून अर्धा तास बसून राहायचं. मग त्या जागी जाऊन खाली वाकून बघायचं. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, हरीण जवळच पडलेलं असणार. गडद, काळपट लाल असेल तर यकृत, अजून दोन-तीन तास द्यायचे. हिरवट, घाण वास येणारं, गवताचे कण मिसळलेलं असेल तर गोळी पोटात गेली, मग निमूट परत फिरायचं आणि बरेच तास जाऊ द्यायचे, कारण मागे लागलात तर ते बसल्या जागेवरून उठून पुढे मैलभर जाईल आणि सापडणार नाही. केस पडलेत का बघा, पाचोळ्यावर नाही दिसलं तर गुडघ्याएवढ्या उंचीवर झुडपांच्या पानांवर बघा, पळताना अंगाचं रक्त तिथे पुसलं जातं.

शिशाच्या गोळीबद्दल एक. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, काँडोर गिधाडं शिकाऱ्यांनी टाकलेल्या अवशेषांतून शिसं खाऊन मरत होती. तिथे तांब्याची गोळी वापरावी लागते, ती तितक्याच वजनाला लांब असते, म्हणजे पुन्हा तो पिळाचा प्रश्न आला.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने छंदाच्या शिकारीला आज बंदी आहे, त्यामुळे इथल्या वाचकाला हे वाचण्यापुरतंच. पण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना ऑफिसातला कोणीतरी नोव्हेंबर आला की "चल डिअर कॅम्पला" (हरणाच्या शिकारीच्या मुक्कामाला) म्हणतोच, त्यांनी हे ध्यानात ठेवावं की एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला तिथल्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मुळात बंदी आहे, आणि त्यातला एक ठळक अपवाद म्हणजे तिथल्या राज्याचं वैध शिकार लायसन्स. म्हणजे मित्राची बंदूक "जरा बघतो" म्हणून हातात घेण्याआधी स्वतःचं लायसन्स खिशात हवं, आणि ते मिळायला नवख्याला साधारणपणे हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. न्यू जर्सीत राहणाऱ्यांना तर हरणासाठी ही रायफल चालतच नाही, तिथे शॉटगन, ठासणीची बंदूक आणि धनुष्यबाण एवढंच. भडक नारिंगी जॅकेट आणि टोपी बंदुकीच्या सीझनमध्ये बहुतेक राज्यांत सक्तीची आहे, आणि त्याने शिकार बिघडत नाही, हरणाच्या डोळ्याला तो नारिंगी आपल्याला दिसतो तसा भडक दिसतच नाही, ते हालचालीने आणि वासाने सावध होतं.